चाळिसाव्या मजल्यावर संसार मांडताना : परळ-वरळीच्या टॉवरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

लोअर परळ, करी रोड, वरळी, महालक्ष्मी या पट्ट्यातल्या पन्नास-साठ मजली इमारतींत आता बरीच मराठी कुटुंबं राहायला येतायत. कुणी डोंबिवली-ठाण्याचं घर विकून आणि वर कर्ज काढून, कुणी कंपनीच्या भाड्याच्या घरात, कुणी पुनर्विकासातून. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये चाव्या मिळाल्या, त्यासुद्धा चाळीस मजली इमारतींतल्या. त्यांना क्लबहाउस नसेल, पण लिफ्ट, पंप आणि आगीचे प्रश्न आलिशान टॉवरवाल्यांसारखेच आहेत.

चार मजली सोसायटीत घर म्हणजे आपल्या चार भिंती. टॉवरमध्ये तसं नाही. इथे तुम्ही खरं तर एका मोठ्या यंत्राच्या आत राहता आणि ते यंत्र दुसरं कुणीतरी चालवत असतं. म्हणून इटालियन मार्बल बघण्यात वेळ घालवू नका, तो सगळ्यांकडे असतो. पंपरूम, लिफ्ट आणि इस्टेट मॅनेजर कसा आहे ते बघा.

पायरी १ : घर बघायला दोनदा जा, तेही गैरसोयीच्या वेळी

ब्रोकर तुम्हाला रविवारी सकाळी अकराला नेईल. रस्ता मोकळा, लिफ्ट रिकामी, हॉलमध्ये कोवळं ऊन. तुम्ही आपले कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठला जा. शाळेच्या बस गाठणारी मुलं, ऑफिसवाले, कुत्रा फिरवून परतणारे, घरकामाला येणाऱ्या बायका, सगळ्यांची लिफ्टची वेळ तीच. लॉबीत उभं राहून घड्याळ लावा. एका मजल्यावर किती घरं आणि त्यांना किती लिफ्ट, हे विचारा. त्यातली एक दुरुस्तीला बंद असेल तेव्हा काय होतं, हे ब्रोकरला नको, वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो.

दुसरी खेप पावसात घालता आली तर उत्तम. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय का, बेसमेंटमध्ये पाणी साचलंय का, गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाता येतं का, हे त्या दिवशी कळतं.

व्ह्यूबद्दल दोन शब्द. पूर्वेकडच्या घरांतून शिवडीची खाडी आणि अटल सेतू दिसतो, पश्चिमेकडून हाजी अली, समुद्र किंवा रेसकोर्स. या व्ह्यूचे पैसे घेतले जातात, पण तो टिकेल याची हमी कुणी देत नाही. समोर पत्रे लावलेला प्लॉट किंवा जुनी चाळ दिसली तर तिथेही उद्या टॉवर उभा राहणार असं धरून चाला. जो व्ह्यू जाऊ शकतो त्याचे जादा पैसे मी तरी देणार नाही.

ब्रोकर ज्याला ‘अपर वरळी’ म्हणतो ते बहुतेक वेळा लोअर परळच असतं. नकाशात स्टेशन कुठे आहे ते आधी बघा. मजल्याच्या आकड्यालाही फसू नका. पार्किंगचे पोडियम मजले मोजणं, तेरावा मजला गाळणं असले प्रकार चालतात, त्यामुळे लिफ्टच्या बटणावरचा चाळीस म्हणजे राहत्या घरांचा चाळिसावा असेलच असं नाही. एवढ्या उंचीवर मोबाइलची रेंजही दगा देते, कारण मोबाइल टॉवरचे अँटेना खालच्या वस्तीकडे वळवलेले असतात. प्रत्येक खोलीत उभं राहून फोन लावून बघा, विशेषतः जिथे तुम्ही काम करत बसणार आहात तिथे.

आणि एक प्रश्न टोकन देण्याआधी तोंडावर विचारून टाका : मासे-मटण चालतं ना? मुंबईत राहून मराठी माणसाला हा प्रश्न विचारावा लागतो याचा राग येतो, यावा. पण राहायला गेल्यावर शेजाऱ्यांच्या नाकांशी भांडण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

पायरी २ : कागद

विकत घेत असाल तर सगळ्यात आधी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. पूर्ण इमारतीचं आहे की काही मजल्यांपुरतं, आणि त्यात तुमचा मजला आहे का, हे स्वतः वाचा. ताडदेवच्या एका ३४ मजली इमारतीत वरच्या मजल्यांना ओसी नव्हती, २०२५मध्ये उच्च न्यायालयाने १७व्या मजल्यापासून वरच्या रहिवाशांना घरं रिकामी करायला सांगितली आणि सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या बेकायदा ठरलेल्या मजल्यांचं प्रकरण तर सगळ्यांच्या लक्षात असेल. ‘ओसी येतेय, प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य ऐकलंत की चेकबुक खिशात ठेवा.

चालू प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे आणि ताबा देण्याची तारीख बघा. महारेरा १ मे २०१७ला सुरू झालं. तेव्हापासून घराचं माप रेराच्या कार्पेट एरियातच सांगावं लागतं. त्यात आतल्या भिंती धरतात, पण बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. तरीही तोंडी व्यवहारात ‘सेलेबल’, ‘डेकसकट’ असले आकडे फेकले जातातच. दराचा भागाकार नेहमी कार्पेटवर करा.

मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, महिलेच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर १ टक्का सवलत, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याचा १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, तुम्ही कापून भरायचा. या भागात त्यातून सुटणारं घर सापडणं कठीणच.

पार्किंगचं करारात नीट लिहून घ्या : कुठल्या पातळीवर, कोणता नंबर, लांबी-रुंदी-उंची किती. यांत्रिक पार्किंग असेल तर तुमची गाडी त्या पॅलेटवर मावते का, हे करार करायच्या आधी प्रत्यक्ष गाडी नेऊन बघा. एसयूव्ही उंचीला अडकतात, काही वजनालाही. जमिनीखालच्या खड्ड्यात उतरणारं पार्किंग असेल तर पावसाळ्यात तिथे पाणी भरतं का, हे शेजारच्या ड्रायव्हरला विचारा.

भाड्याने घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नोटरी करून टाकू’ म्हणणाऱ्या मालकापासून लांब राहा. हल्ली नोंदणी घरबसल्या होते, एजंट बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन घरी येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे, तेही ऑनलाइन होतं. झालं की त्याची प्रत ठेवा, सोसायटी गेटवर मागतेच. महिन्याचं भाडं ५०,००० रुपयांच्या वर असेल तर २ टक्के टीडीएस भाडेकरूने कापायचा. बरेच जण हे विसरतात आणि मग नोटीस येते.

करारात लॉक-इन किती महिन्यांचा, घर सोडताना रंगाचे पैसे कोण देणार, आणि एसी बिघडला तर कुणी दुरुस्त करायचा, ही तीन वाक्यं मराठीतच काय, कुठल्याही भाषेत स्पष्ट असू द्या.

पायरी ३ : सामान चढवणं

ट्रक दारात उभा करून ‘चला, उचला’ असं इथे होत नाही. निदान आठवडाभर आधी सोसायटीच्या ऑफिसला अर्ज, ना-हरकत पत्र, डिपॉझिट, सर्व्हिस लिफ्टची वेळ. बहुतेक ठिकाणी रविवारी सामान हलवू देत नाहीत. लिफ्टच्या आतून जाड कापड किंवा प्लायवूड लावतात आणि ओरखडा आला तर डिपॉझिटमधून कापतात. सामान चढवण्याआधी लिफ्टचे फोटो काढून ठेवा.

सर्व्हिस लिफ्टची आतली उंची आणि दाराची रुंदी मोजून घ्या. तीन सीटचा सोफा आणि सात फुटी कपाट यांचा निकाल तिथेच लागतो. लिफ्टमध्ये मावलं नाही तर चाळीस मजले जिन्याने कोण नेणार? उघडून जोडता येणारं फर्निचर या घरांसाठी बरं. आजोबांच्या काळातला शिसवी पलंग असेल तर सुतार आधी गाठा.

इंटिरियर करणार असाल तर वेळेचे आणि आवाजाचे नियम लेखी घ्या. भिंत पाडणं, बाथरूम हलवणं, बाल्कनी आत घेणं, यातलं काहीही कंत्राटदाराच्या ‘सगळे करतात’वर करू नका. टॉवरच्या आतल्या बऱ्याच भिंती वीट नसून काँक्रीट असतात आणि इमारतीचं वजन पेलत असतात.

पायरी ४ : पहिल्याच शनिवारी जिन्याने खाली उतरा

ही पायरी कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात गरजेची आहे. घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, एकदा आपल्या मजल्यावरून जिन्याने खाली यायचं. चाळीस मजले उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतील, गुडघे बोलतील, पण रस्ता ठाऊक होईल.

उतरताना साधारण दर सात मजल्यांनी एक रेफ्यूज एरिया लागेल. आगीच्या वेळी लोकांनी येऊन थांबायची ही एका बाजूने उघडी जागा. तिच्याकडे जरा निरखून बघा. दाराला कुलूप आहे का? आत कुणाच्या सायकली, गुंडाळलेले गालिचे, जुनी गादी, डेकोरेटरच्या खुर्च्या पडल्यात का? पाण्याचा होज रील खोक्यात आहे की नुसतं खोकं? जिन्याचं दार सोडल्यावर आपोआप बंद होतं का, की कुणी वाऱ्यासाठी विटेने अडकवून ठेवलंय? ते दार बंद राहणं हाच जिन्यात धूर न येण्याचा उपाय आहे. काही खटकलं तर फोटो काढून सोसायटीला लेखी कळवा, नुसतं ग्रुपवर टाकू नका.

शिडी येऊन वाचवेल या भरवशावर राहायला ही गिरगावातली तीन मजली चाळ नव्हे. मुंबई अग्निशमन दलाची उंचातली उंच शिडी ९० मीटरची, म्हणजे तिसाव्या मजल्याच्या आसपास. तीही आत वळायला जागा असेल तर. ऑक्टोबर २०२१मध्ये करी रोडच्या साठेक मजली टॉवरमध्ये १९व्या मजल्यावर आग लागली, तेव्हा बाल्कनीतून लोंबकळणारा एक जण खाली पडून मरण पावला. म्हणजे सुटका होते ती इमारतीच्या आतल्या व्यवस्थेने : स्प्रिंकलर, पाण्याचे उभे पाइप, जिना, रेफ्यूज एरिया.

राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून ही यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन शेवटचा फॉर्म दाखवा म्हणायचं. रहिवासी म्हणून तो मागायला संकोचू नका. आणि तो दोन मिनिटांत सापडतो की ‘साहेब, उद्या या’ असं होतं, यावरूनही बरंच कळतं.

प्रत्यक्ष आग लागलीच तर : तुमच्या घरात लागली असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, मजल्यावरचा अलार्म वाजवा आणि जिन्याने खाली जा. लिफ्ट नाही. आग दुसरीकडे असून तुमच्या मजल्यावरचा पॅसेज धुराने भरला असेल तर घरातच थांबा, दाराखालची फट ओल्या टॉवेलने बुजवा आणि १०१ला फोन करून विंग, बटणावरचा मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. रात्री झोपेतून उठून हे आठवत नाही, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

हॉलमधले स्प्रिंकलर फॉल्स सीलिंगमध्ये झाकू नका, रंगवू नका, त्यांना आकाशकंदील तर मुळीच टांगू नका. उघडं स्वयंपाकघर असेल तर तिथल्या डिटेक्टरची चौकशी करा. धुराचा असेल तर बोंबील तळायच्या दिवशी सिक्युरिटी दारात हजर. तापमान ओळखणारा बसवून मिळतो का विचारा, पण म्हणून आहे त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची नाही.

पायरी ५ : लिफ्ट, ॲप आणि पाहुणे

बऱ्याच नव्या इमारतींत लिफ्टच्या आत मजल्याची बटणंच नसतात. बाहेर पॅनेलवर मजला दाबायचा, मग ‘सी’ किंवा ‘डी’ असं अक्षर येतं, त्या लिफ्टशी उभं राहायचं. आपल्याला दोन दिवसांत सवय होते. गावाहून आलेली आत्या मात्र जी लिफ्ट उघडेल तिच्यात शिरते, आत बटण शोधते आणि क्लबहाउसच्या मजल्यावर उतरते. म्हाताऱ्या पाहुण्यांना आणायला खाली जा, हे सगळ्यांत सोपं.

गेटवरच्या ॲपवर येणाऱ्याचं नाव आधी टाका. दूधवाला, पेपरवाला, बाई, ड्रायव्हर यांना रोजचा पास करून ठेवा, नाहीतर सकाळी सहाला फोन वाजत राहील. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांच्या फोनवरही ॲप टाका आणि इंटरकॉम चालू ठेवा. तुम्ही मीटिंगमध्ये असताना खाली त्यांचाच पाहुणा ताटकळतो.

पायरी ६ : पाणी, वीज, गॅस

वीज या भागात बेस्टची, गॅस महानगर गॅसचा पाइपने. दोन्हीकडे मीटरवर नाव बदलून घ्या आणि राहायला यायच्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो ठेवा. जनरेटर नुसता लिफ्ट आणि पॅसेजपुरता आहे की घरातही वीज देतो, आणि देत असेल तर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, हे विचारा.

पालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, टाकीत साठतं आणि पंपाने वर जातं. फ्लशला बऱ्याच ठिकाणी सांडपाणी शुद्ध करून वापरतात. त्याला कधी वास आला तर घरातला प्लंबर बोलावू नका, दोष तळघरातल्या प्रकल्पाचा असतो. नळाला दाब एकदम जास्त किंवा अगदीच कमी असेल तर शाफ्टमधला प्रेशर व्हॉल्व्ह. तेही इमारतीचं काम, तुमच्या खर्चाचं नाही.

पायरी ७ : मे संपायच्या आत खिडक्या

वरच्या मजल्यावरचा पाऊस वेगळाच असतो. तो वरून पडत नाही, आडवा येतो, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर थेट काचेवर. कधी कधी तर खालून वरही जाताना दिसतो. पश्चिमेची आणि दक्षिणेची खिडकी असेल तर मे महिन्यात हे काम करा : सरकत्या काचेच्या खालच्या खाचेत बोट फिरवा. धूळ, कबुतराची पिसं, रंगाचे पोपडे आणि सुतारकामाचा भुसा यांचा थर लागेल. जुन्या टूथब्रशने तो काढा. मग खाचेच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन बारीक चिरा दिसतील. पाणी बाहेर जायची वाट तीच. त्या बुजल्या की खाच भरते आणि पाणी लाकडी फ्लोअरिंगवर उतरतं. ग्लासभर पाणी ओतून बघा. बाहेर गेलं तर ठीक. ही खाच स्वच्छ करताना बाहेर वाकायचं नाही. बाहेरून काच पुसणं हे दोरावरून उतरणाऱ्या प्रशिक्षित माणसांचं काम आहे, आणि ती सोसायटीमार्फतच येऊ देत.

काचेच्या कडेचं सिलिकॉन सुकून भेगाळलं असेल तर तेही याच वेळी बदलून घ्या. जूनमध्ये माणूस मिळत नाही.

वादळी वाऱ्यात लिफ्टच्या शाफ्टमधून शीळ वाजते, मुख्य दार ढकलावं लागतं, आणि अगदी वरच्या मजल्यांवर बादलीतलं पाणी हललेलं दिसतं. घाबरू नका, उंच इमारत वाऱ्यात थोडी हलावी असंच तिचं गणित मांडलेलं असतं. मात्र बाल्कनीतल्या कुंड्या, खुर्च्या, झाडू सगळं आत. चाळिसाव्या मजल्यावरून उडालेली प्लॅस्टिकची कुंडीसुद्धा खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

कपडे वाळत घालणं हा या घरांतला न बोललेला प्रश्न. बाहेर दोरी बांधायला बंदी, बाल्कनीत दिसतील असे टांगायलाही बंदी, आणि ब्रोशरमध्ये तर कुणाचेच कपडे ओले नसतात. जुलैत चार माणसांच्या घरात कुबट वास येऊ नये म्हणून ड्रायर घ्या किंवा एखाद्या खोलीत छताला ओढायच्या दोऱ्या आणि डीह्युमिडिफायर. पश्चिमेच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. समुद्राच्या बाजूला एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या हवेने लवकर गंजते, तेव्हा वर्षातून दोनदा धुऊन घ्या.

पालिका ४.५ मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा देते आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल, तर हिंदमाता आणि लोअर परळच्या सखल रस्त्यांवर पाणी साचण्याची शक्यता धरून चाला. हिंदमाताला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्यावर फरक पडलाय, पण त्या दिवशी गाडी काढायची का, हे वरून खिडकीतून बघून ठरवता येतं. या उंचीचा तेवढा एक खरा उपयोग. आपत्कालीन नंबर १९१६.

पायरी ८ : मेंटेनन्सचं बिल वाचा

जिम, पोहण्याचा तलाव, सिनेमाची खोली, स्क्वॉश कोर्ट, या सगळ्यांचे पैसे तुम्ही वापरा न वापरा, बिलात येतात. महिन्याचं मेंटेनन्स ७,५०० रुपयांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो. घर भाड्याने दिलेल्या मालकाकडून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावा असा शासनाचा आदेश आहे. तो भाडेकरूच्या माथी मारला जात नाही ना, हे करारात बघा.

सोसायटी झालीय की कारभार अजून बिल्डरच्याच कंपनीकडे आहे? बिल्डरकडे असेल तर हिशेब मागायला संकोचू नका, आणि सोसायटी नोंदवणं, मग जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं), यासाठी चार जण जमवा. सोसायटी असेल तर सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा होते. साठ मजल्यांच्या इमारतीत सभेला पंधरा टाळकी येतात आणि तीच कोट्यवधींचं लिफ्टचं कंत्राट ठरवतात. सोळावे तुम्ही व्हा.

कुत्रा-मांजर पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लिफ्टमधली घाण मात्र ज्याची त्याने काढायची.

पायरी ९ : घरी येणारी माणसं

सकाळी सातच्या सुमाराला सर्व्हिस गेटबाहेर ओळखपत्र दाखवायला रांग असते. त्यातल्या बऱ्याच बायका याच परिसरातल्या चाळी-झोपडपट्ट्यांतून, नाहीतर रेल्वेने लांबून आलेल्या असतात. कामाला माणूस ठेवताना पास, पोलीस पडताळणी वगैरे सोसायटी सांगेल ते करा. पण पगार ठरवताना गेटवरच्या रांगेतला आणि लिफ्टच्या प्रतीक्षेतला वेळही त्यांच्या दिवसातून जातो, हे लक्षात ठेवा. सर्व्हिस लिफ्ट बंद असली तर बाईंना चाळीस मजले चढायला लावणारी सोसायटी मी निर्लज्ज म्हणेन. मेन लिफ्टमधून त्यांना स्वतः घेऊन या, आणि कुणी हटकलं तर नियम लेखी मागा. असले नियम तोंडी सांगायला सोपे असतात, लिहून द्यायला अवघड.

सिक्युरिटीवाले एजन्सीचे, त्यामुळे दर काही महिन्यांनी बदलतात. रात्रपाळीच्या माणसाचं नाव माहीत असू द्या. रात्री अडीचला रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर स्ट्रेचर मावणारी लिफ्ट खाली अडवून ठेवणारा तोच असतो. कोणती लिफ्ट स्ट्रेचरची, तेही विचारून ठेवा. केईएम आणि टाटा दोन्ही परळलाच आहेत, पण चाळिसाव्या मजल्यावरून गेटपर्यंत पोचायलाच वेळ जातो.

पायरी १० : गेटबाहेर

ही सगळी गिरण्यांची जमीन. फिनिक्स मिलच्या जागी मॉल, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड टॉवर्स. जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात दोन-अडीच लाख कामगार उतरले होते. नंतर गिरण्या मिटल्या आणि १९९१ व २००१च्या विकास नियमावलीने ही जमीन बांधकामाला खुली झाली. आजूबाजूच्या चाळींत त्या कामगारांची पुढची पिढी राहते. टॅक्सीवाल्याला टॉवरचं फॅशनेबल नाव कळलं नाही तर पूर्वी तिथे कोणती मिल होती ते सांगा, बरोबर आणून सोडतो.

लोअर परळ स्टेशन पश्चिम रेल्वेचं, करी रोड मध्य रेल्वेचं, आणि दोघांमध्ये डिलाईल रोडचा पूल. तो २०१८पासून बंद होता, २०२३मध्ये पूर्ण खुला झाला. प्रभादेवीचा जुना पूल मात्र वरळी-शिवडी उन्नत मार्गासाठी सप्टेंबर २०२५मध्ये बंद झाला, त्यामुळे परळला गाडीने जायचा रस्ता निघण्याआधी तपासा. ‘मेट्रो ३’ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. वरळी नाक्याला आचार्य अत्रे चौक स्टेशन आहे, त्यामुळे बीकेसी किंवा विमानतळाला जायला गाडीची गरज राहिलेली नाही.

वाणसामान ॲपवरून दहा मिनिटांत वर येतं, ठीक आहे. पण मसाला लालबागहून आणा. मार्च ते मे या काळात तिथे बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्यांचे ढीग लागतात. हवं ते वजन करून घ्यायचं, तिथेच भाजून, डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायचं. रांग मोठी असते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा, आणि जाताना नाकाला रुमाल.

गणपतीत या भागाचा नकाशाच बदलतो. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला उत्सवाच्या आधीच्या एका शनिवार-रविवारी रस्ते माणसांनी भरतात. मग दहा दिवस लालबागच्या राजाच्या रांगा आणि अनंत चतुर्दशीला आंबेडकर रोडवर मिरवणुका दुसऱ्या दिवशीपर्यंत. या दिवसांत कॅब बुक होते, पण पोचत नाही. विमान पकडायचं असेल तर मेट्रोने निघा, म्हाताऱ्या माणसांची औषधं आधी आणून ठेवा, आणि गाडी लागणारच असेल तर आदल्या रात्री ती वरळी सी फेसच्या बाजूला नातेवाइकांकडे लावून ठेवा.